चौथं लोटकं

ईरानं सगळं एकाच काचेच्या भांड्यात ओतलं आणि सूर्यकांतच्या कपातला चहा बशीत सांडला. तसं सांडण्यासारखं काही घडलं नव्हतं. रविवारची सकाळ, स्मृति नगरचं स्वतःचं घर, बायको रीना दोन दिवसांसाठी रायपूरला माहेरी गेलेली, आणि होस्टेलमधून सुट्टीवर आलेली लेक बापाला आपल्या हातचा नाश्ता खाऊ घालणार. आणखी काय हवं माणसाला? तिनं शिळा ब्रेड हातानं तोडून दुधात भिजत घातला होता, त्यात अंडी, साखर, दालचिनीची पूड, वर सफरचंदाच्या फोडी आणि पिकलेली बिही. बिही म्हणजे पेरूच, पण भिलाईत पेरू मागितला तर भाजीवाली तोंडाकडे बघत राहते. वास अजून कच्चाच होता, नुसता दुधाचा आणि दालचिनीचा, तरी सूर्यकांतच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हा पदार्थ त्याच्या ओळखीचा होता. फक्त त्याचं भांडं चुकलं होतं.

"एवढ्या मोठ्या भांड्यात कावून ओतून राहिली?" तो म्हणाला. "माळ्यावर लोटके असतीन पहाय. आजीचे. चार हायेत."

"कौन से लोटके, पापा?"

"अवं, मातीचे. आजी हेच करे ना. चार लोटके. नावच ते हाय त्याचं."

ईरानं फोन उचलून त्याच्या नाकासमोर धरला. फोनवर एक गोरी, गुबगुबीत बाई सफरचंदं चिरत होती आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द बोलत होती. ईरा आधी गोंधळली, मग तिला असं हसू फुटलं की ओट्याला टेकावं लागलं. "बाप्पा! पापा, सुनो ना. शार-लोत्का. चार-वार काही नाही आहे त्यात. रशियन शब्द आहे तो. आजीनं गलत ऐकलं आणि तुम्ही सगळे लोक इतकी वर्षं चार मटके घेऊन बसले!" हसण्यासारखं होतंच. सूर्यकांतही हसला. मग डोळे पुसता पुसता ईरानं विचारलं, अगदी सहज, "पण घरात तर तुम्ही तीनच होते ना? आजोबा, आजी आणि तुम्ही. मग चौथं लोटकं किसका था?"

"नावच चार लोटके, तं चारच करा लागतेत," सूर्यकांत म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की हे वाक्य त्याचं नव्हतं. आईचं होतं. तिच्याच चालीवर, तिच्याच घाईनं, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून पुढ्यात आडवं टाकलेलं.

चौथं लोटकं दुर्गाताईचं होतं. एवढं साधं उत्तर, पण ते त्याच्या जिभेवर आलं नाही, कारण त्या जिभेला सवयच नव्हती. दुर्गाताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. अठ्ठ्याऐंशी साली, एकविसाव्या वर्षी, तिनं नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीतल्या हेमराज नावाच्या इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं. पोरगा छत्तीसगढी, जात वेगळी. बाबांनी, म्हणजे कृष्णरावांनी, त्या दिवशी सेक्टर सहाच्या क्वार्टरचं दार लावून घेतलं आणि सांगितलं, आजपासून हे नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. चौदा वर्षांच्या सूर्यकांतनं घेतलं नाही. मग बाबा गेले, आई गेली, नाव न घेण्याची शपथ घालणारं कोणी उरलं नाही, तरी त्यानं घेतलं नाही. नंदिनी नगर इथून वीस-बावीस किलोमीटर. स्कूटरवर गेलं तरी पाऊण तास. आणि त्याची वीस वर्षांची लेक विचारत होती की चौथं कोणाचं, कारण आपल्याला एक आत्या आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सूर्यकांतला लाज वाटली. ती काही आजची लाज नव्हती, पण आज तिला चेहरा होता आणि तो चेहरा ओट्याला टेकून उत्तराची वाट बघत होता. "थांब जरा," तो म्हणाला, "आधी ते ओव्हनमधी टाक." ईरानं भांडं ओटीजीत सरकवलं, चाळीस मिनिटं लावली आणि आंघोळीला गेली. आतला तांबडा उजेड भांड्याच्या काचेवर पडला, आणि सूर्यकांत खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून राहिला.

ओव्हन म्हटलं की बाबा हसायचे. "ओव्हन मले नको सांगू," ते आईला म्हणायचे, "पासष्ट ओव्हन सांभाळतो मी." ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, कोक ओव्हनला होते, कोळसा भाजणाऱ्या तिथल्या भट्ट्यांना ओव्हनच म्हणतात, आणि घरातल्या अल्युमिनियमच्या गोल ओव्हनकडे ते साहेब शिकाऊ पोराकडे बघतो तसे बघत. तो ओव्हन आईच्या शिलाईतून आला होता. आई रशियन बायांचे कपडे शिवायची. प्लांट रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला, त्यामुळे तेव्हा रशियन कॉम्प्लेक्समध्ये तिकडच्या इंजिनिअरांची पुष्कळ कुटुंबं होती. नवरे प्लांटमध्ये आणि बायका दिवसभर घरात कंटाळलेल्या. त्यांतली एक लुदामॅडम. तिच्याकडे आई झगे घेऊन जायची आणि पिशवी धरायला सूर्यकांतला न्यायची. दोघींना एकमेकींची भाषा अक्षरभर येत नव्हती, पण हातवारे करून त्या तास तास बोलत. नवरे, शिफ्ट, उन्हाळा, पोरं, सगळं व्हायचं. एकदा लुदामॅडमनं शिळ्या ब्रेडचं आणि सफरचंदाचं काहीतरी भाजून खाऊ घातलं, आणि आईनं घरी येऊन जाहीर केलं, "त्याले चार लोटके म्हनतेत." पुढच्याच आठवड्यात ती शेजारच्या दुर्ग शहराच्या बाजारातून कुंभाराकडची चार बुटकी लोटकी घेऊन आली. सफरचंद महाग, म्हणून बिही. दालचिनी घरात नव्हती, म्हणून वेलदोडा. घरात माणसं चार, लोटकी चार, नावात चार. हिशेब इतका चोख बसला की रशियन लोकांनी हा पदार्थ आपल्यासाठीच काढला असावा असं सूर्यकांतला वाटायचं. ताई आपल्या लोटक्याच्या कडेची करपलेली साय चमच्यानं खरवडून त्याला द्यायची. तिला ती आवडायची नाही असं ती म्हणायची. आता एक्कावन्नाव्या वर्षी त्याला वाटलं, करपलेली साय न आवडणारं माणूस त्यानं पुढे कधी पाहिलेलं नाही.

ताई गेल्यानंतरचा पहिला रविवार. सूर्यकांतला वाटलं होतं आज काही होणार नाही. पण आईनं ब्रेड भिजवला, बिही चिरली, लोटक्यांना आतून तूप लावलं आणि चारही लोटकी ओव्हनमध्ये ठेवली. जेवायला बसलेल्या बाबांनी वर न बघता विचारलं, "चार कावून?"  आई म्हणाली, "अहो, नावच चार लोटके, तं चारच करा लागतेत."  बाबांनी आपलं लोटकं पुढे ओढलं आणि खायला लागले. सूर्यकांतला हायसं वाटलं होतं. आता भांडण होणार, ताट भिरकावलं जाणार, असं त्याला वाटत होतं, आणि एका शब्दानं सगळं निभावून नेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून दर रविवारी चारच. बाबा ए शिफ्टला असोत की सी शिफ्टला, पाहुणे असोत नसोत, परीक्षा असो की ताप. तीन माणसं तीन लोटकी खायची आणि चौथं ओट्याच्या कोपऱ्यात, वर बशी झाकून, तसंच असायचं. संध्याकाळ झाली की आई म्हणायची, "घे रे, खाऊन टाक. वाया जाईन." आणि सूर्यकांत खायचा. थंड झालेलं, खाली बसलेलं, पण गोडीला जास्तच. वाढत्या वयाचं पोट्टं, त्याला काय, एकाऐवजी दोन मिळत होती. खरं सांगायचं तर ताई गेल्याचा त्याला एवढा एक फायदा झाला होता, आणि पहिली काही वर्षं त्यानं तो मजेत घेतला. 

काचेमागे ब्रेड फुगायला लागला होता. कडेकडेनं दूध उकळत होतं. सूर्यकांत रोज प्लांटच्या रेल्वे सेक्शनमध्ये बसतो आणि वॉकीटॉकीवर बोलतो: नंदिनी रेक लागली, नंदिनी रेक खाली झाली, नंदिनी रेक परत गेली. चुनखडीनं भरलेल्या मालगाडीच्या वाघिणीमागून वाघिणी तिकडून येतात आणि रिकाम्या होऊन तिकडे जातात. दिवसातून पंधरा वेळा त्याच्या तोंडी नंदिनी असते, आणि इतक्या वर्षांत एकदाही त्याला कोणी विचारलं नाही की तिकडे तुझं कोण आहे. विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? आईनं कधी 'जा' म्हटलं नाही, म्हणून तो गेला नाही, असं तो स्वतःला सांगायचा. आई बहुधा म्हणत असेल की पोरगा आपण होऊन जाईल. आणि बाबा? बाबांचं काय, त्यांनी तर नावच बंद केलं होतं. त्या घरात तोंडानं बोलायची कोणाची टाप नव्हती, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि बघता बघता केस पांढरे झाले. पण शेवटी आईला तरी कुठे काय कळत होतं; तिला साधं नाव नीट ऐकू आलं नव्हतं. शारलोत्काचं तिनं चार लोटके केलं. बिचारी. असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याला सुरी दिसली.

लांब, लाकडी मुठीची सुरी. लुदामॅडमच्या हातात. तो आईच्या खुर्चीला चिकटून उभा होता, नऊ वर्षांचा, पिशवी छातीशी धरून. टेबलावर पसरट काळी कढई होती, एकच, ताटाएवढी, आणि त्या बाईनं सुरीनं त्यातून त्रिकोणी तुकडे कापले होते. त्याला एक, आईला एक. आईनं दुसऱ्यांदा नको नको म्हणत घेतला होता. लोटकं तिथे नव्हतं. चार काय, एकही नव्हतं. मातीचं एक भांडं त्या घरात नव्हतं. आई हे आपल्या डोळ्यांनी बघून आली होती, नंतर दहादा लुदामॅडमकडे गेली होती, तो शब्द दहादा ऐकला होता. आई, जी मापाचा कागद न वापरता नुसत्या नजरेनं झग्याचा घेर सांगायची, तिला काय कळलं नसेल? सुरुवातीला चुकलं असेल, गंमत म्हणून चुकवलं असेल, ती भाषेशी अशी थट्टा करायचीच. पण ताई गेल्यावर तिनं ती चूक अंगाशी घट्ट धरली. नवऱ्यापुढे पोरीचं नाव घेता येत नव्हतं, तर तिनं पदार्थाचं नाव घेतलं. आणि मीही तो तुकडा खाल्ला होता की, सूर्यकांतच्या मनात आलं. मलाही ठाऊक होतं. कातडं ओढून घेतलं होतं डोळ्यांवर, दुसरं काय.

मग बाबा तेवढे फसले म्हणायचे. आईनं त्यांना बरोबर बनवलं. हा विचार क्षणभर सुखाचा होता. बाबांवर राग धरून बसायची त्याला सदतीस वर्षांची सवय होती आणि सवयीच्या जागी बूड टेकायला बरं वाटतं. पण तेही टिकलं नाही. बाबा रशियन लोकांच्या हाताखाली बारा वर्षं कोक ओव्हनला होते. सूर्यकांत लहान असताना त्यांनी त्याला क्वार्टरच्या जिन्यावरून बोट धरून उतरवलं होतं, पायरीगणिक एकेक आकडा म्हणत: अदीन, द्वा, त्री, चितीरे. चौथ्या पायरीवर 'चितीरे' म्हणत ते त्याला उचलून घ्यायचे. रशियन भाषेत चारला चितीरे म्हणतात. हे बाबांना पाठ होतं. रशियन पदार्थाच्या नावात मराठी 'चार' कुठून येणार? त्यांना न कळायला ते काय कुक्कुलं बाळ होते? त्यांनी 'चार कावून' विचारलं, बायकोनं धडधडीत थाप मारली, आणि ती थाप आहे हे पुरतं समजून त्यांनी लोटकं पुढे ओढलं. वीस वर्षं. एकाही रविवारी ते म्हणाले नाहीत की तीनच कर.

सूर्यकांत उठला, उगाच नळ सोडला, बंद केला. एकदा, केव्हातरी कॉलेजात असताना, त्याला फार भूक लागली होती आणि त्यानं दुपारीच कोपऱ्यातल्या बशीला हात घातला होता. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिथून त्यांचा आवाज आला, "संध्याकाळलोक राहू दे." एवढंच. त्याला वाटलं होतं, म्हातारा खाण्यातही शिस्त सोडत नाही. त्यानं बशी आदळून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत. नंदिनीहून दुपारची बस निघून चारच्या सुमाराला यायची आणि नंतर परत जायला साडेपाचची शेवटची. साडेपाच वाजून गेले की कोणी यायचं राहत नसे. मग आई म्हणायची, घे रे, वाया जाईन. म्हणजे ती दोघं, एक स्वयंपाकघरात आणि एक पेपरामागे, एकमेकांना पत्ता लागू न देता दर रविवारी दिवसभर वाट बघत होती, आणि तिसरा, त्यांचा लाडका लेक, वाट बघून झाल्यावर ते पुसून खात होता. हे कळायला त्याला एक्कावन्न वर्षांचं व्हावं लागलं, आणि तेही पोरीनं मोठं भांडं काढलं म्हणून.  ताई कशी दिसते आता, जाड झाली की वाळली, अजून बोलताना मान वाकडी करते का, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला ती हवी होती. या टेबलाशी, आत्ता. सदतीस वर्षं मागं जाऊन नको, आहे तशी म्हातारी चालेल.

ओटीजीची घंटी वाजली. ईरा ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून धावत आली आणि तिनं दोन फडक्यांत धरून भांडं टेबलावर ठेवलं. वरचा ब्रेड तांबूस झाला होता, बिहीच्या फोडी मऊ पडून त्यांचा गुलाबी रस कडेला चिकटला होता. "पापा, रो रहे हो क्या?"

"चौथं तुह्या आत्याचं होतं," सूर्यकांत म्हणाला. "माही मोठी बहीन. दुर्गा. नंदिनीले राहते."

 ईरा खुर्चीच्या टोकावर बसली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं, मग राग आला, आणि बापाकडे बघून तो तिनं पुढच्यासाठी ठेवून दिला. "यहाँ? नंदिनीत? इतक्या जवळ?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "आणि तुम्ही जात नाही?" त्यानं पुन्हा मान हलवली. मग ईरानं सुरी घेतली होती ती बाजूला ठेवली, भांड्यावर एक मोठं ताट झाकलं आणि त्याचा फोन त्याच्याकडे सरकवला. "मी नाही कापत," ती म्हणाली.

नंबर त्याच्याकडे होता.  ताईनं उचललाच नाही तर? उचलून ठेवून दिला तर? आणि ठेवून दिला तरी तिला कोणत्या तोंडानं बोल लावणार? त्यानं लावला. चार-पाच रिंगा झाल्या. पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कुणालातरी छत्तीसगढीत ओरडून काही सांगितलं गेलं, आणि मग एक भरड, बसका आवाज म्हणाला, "हां, कोन?"

"ताई," तो म्हणाला. "मी हाय. सूर्या."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.  मग ताईनं विचारलं, "कोन गेलं?"

तिनं दुसरं काय विचारावं? सदतीस वर्षांत त्यानं तिला दोनदाच फोन केला होता. एकदा दोन हजार नऊला, बाबा गेले म्हणून. तेव्हा ती तिसऱ्या दिवशी आली, बाहेरच्या खुर्चीवर तासभर बसली आणि चहा पिऊन गेली. दुसऱ्यांदा एकवीसच्या एप्रिलमध्ये, आई गेली म्हणून. तेव्हा कोरोनात कोणालाच येता आलं नाही. भावाचा फोन म्हणजे मरणाची खबर, एवढंच त्यानं तिला शिकवलं होतं. घाबरलेली ती आता मनातल्या मनात माणसं मोजत असणार, आणि तिच्या मोजणीत माहेरचं एकच माणूस उरलेलं होतं, जे फोनवर बोलत होतं.

"कोनी नाई गेलं, ताई," सूर्यकांत म्हणाला. त्याचा आवाज फुटला आणि त्यानं तो फुटू दिला. "कोनीच नाई गेलं. पोरीनं नाश्ता केला हाय. तुह्यासाठी घेऊन येऊ काय?"

 ईरा त्याच्या तोंडाकडे बघत होती. फोन कट झाला की काय म्हणून त्यानं तो कानावरून काढून पाहिला. सेकंद पुढे सरकत होते. त्यानं पुन्हा कानाला लावला, तेव्हा ताई बोलत होती, खणखणीत, जरा चिडल्यासारखी, नाक ओढत.

"मैदानाच्या बाजूचं तिसरं घर. निळं गेट हाय. कुत्रं लय खराब हाय आमचं, धावते अंगावर. आत नको येऊ एकटा. बाहेरच उभा राह्य, मी येतो तुले घ्यायले."